बिनवासाची कुपी

बडे अब्बांनी आतल्या खोलीचं दार लावून घेतलं, आणि बाहेर बैठकीत फुफीने, म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीने, सगळ्यांना ऐकू जाईल अशी कुजबूज केली, "आता कुणी हूं की चूं करू नका. आत त्याचं नाक कामाला लागलंय."

नाक कामाला लागलं असतं तर रडायचं काय होतं! आत बडे अब्बा फळ्यांसमोर उभे राहून घाम पुसत होते. त्यांचं नाक हिवाळ्यातच काम सोडून गेलं होतं, तेही न सांगता. आठवडाभर ताप आला, त्यापाठोपाठ सर्दी. मग ताप उतरला, सर्दी गेली, आणि जाताना नाकही बरोबर घेऊन गेली. दिसायला ते होतं तसंच होतं, सरळ, लांब, घराण्याला शोभेल असं. फक्त आत काही पोहोचत नव्हतं. गुलाब नाही, घाम नाही, करपलेलं दूधसुद्धा नाही.

दुसऱ्या कुठल्या घरात माणसाने ही गोष्ट चारचौघांत हसत सांगितली असती. पण हे पडलं अत्तरवाल्यांचं घर. इथे जो अत्तर मिसळतो त्याला 'घराचं नाक' म्हणतात, आणि आतल्या खोलीची किल्ली त्याच्याच कमरेला असते. वडील गेल्यापासून ती बडे अब्बांच्या कमरेला होती. वडिलांनी आणखी एक शिस्त घालून दिलेली: आतल्या खोलीत एकाही बाटलीवर चिठ्ठी लावायची नाही. वाचून ओळखणाऱ्याने दुकानात बसावं, आत यायचं ते हुंगून ओळखणाऱ्याने. बाटल्याही सगळ्या एकाच काळपट तपकिरी काचेच्या, अत्तराला उजेड लागू नये म्हणून. नाक शाबूत होतं तोवर बडे अब्बांना ही शिस्त मोठी रुबाबदार वाटायची. आता ती चांगलीच गळ्याशी आली होती. गेले कित्येक महिने ते निव्वळ जागेच्या आठवणीवर धंदा रेटत होते. वरच्या फळीवर डावीकडे गुलाब, त्याला लागून मोगरा, मग केवडा. खालच्या फळीवर भिंतीशी वाळा, आणि दुसऱ्या टोकाला मिसळणीचं साधं तेल, ज्याला वासाचं नावही नाही.

घोटाळा एकदाच झाला होता. केवडा नेलेलं गिऱ्हाईक परत येऊन सगळ्यांदेखत म्हणालं, "यात तर मोगरा निघाला." बडे अब्बांनी बाटली नाकाशी धरली, डोळे मिटले, आणि अतिशय कनवाळूपणे विचारलं, "भाऊ, सर्दी झालीय का तुम्हाला?" गिऱ्हाईक बिचारं ओशाळून निघून गेलं. त्या दिवशी बडे अब्बा नमाजेनंतर नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ बसून राहिले. आणि उठले ते ठरवूनच उठले, की अब्रू शाबूत आहे तोवर किल्ली दुसऱ्याच्या हातात द्यायची आणि मोकळं व्हायचं.

किल्ली देण्याची या घराची एक रीत होती. जुन्या नाकाने एकट्याने आत जाऊन कुप्या भरायच्या, आणि नव्याने सगळ्यांसमोर हुंगून नावं सांगायची. उमेदवार दोघं होते. एक त्यांचा मुलगा, ज्याला सगळे नवाब म्हणत, कारण उभ्याने करायचं कुठलंही काम त्याला आजवर जमलेलं नव्हतं. दुसरी धाकट्या भावाची मुलगी, लवंग. जन्मली तेव्हा एवढीशी, सावळी, आणि पहिल्या श्वासापासून तिखट, म्हणून हे नाव बडे अब्बांनीच पाडलेलं. तिला बसवायचं त्यांच्या मनात नव्हतं. पण त्यांची बायको, घरातली बडी अम्मी, जेवताना सहज म्हणाली होती, "भीती वाटत असेल तर नका बसवू." झालं! बसवावं लागलं.

अर्थात बडे अब्बांनी बंदोबस्त केलेला होता. काल दुपारी नवाबला कोपऱ्यात घेऊन त्यांनी क्रम सांगून टाकला, "गुलाब, मोगरा, केवडा, वाळा. घोकून ठेव."

"अब्बा, मला येतात की ओळखता," नवाब म्हणाला. "थोडंफार."

"थोडंफारावर घर चालत नाही."

माल आणि औलाद यांनीच अल्लाह माणसाला आजमावतो, हे बडे अब्बा दर जुम्म्याला लोकांना कळकळीने समजावून सांगत. पण लोकांची औलाद वेगळी आणि आपला नवाब वेगळा.

आता त्यांनी वरच्या फळीवरून तीन कुप्या भरल्या. मग खाली वाकले तर काय, खालची फळी लखलखत होती! नवाबने सकाळी खोली झाडायला म्हणून किल्ली मागून नेली होती, आणि आयुष्यात पहिल्यांदाच फडकं हातात घेतलं होतं. त्या फळीवरच्या सगळ्या बाटल्या उतरवून, पुसून, उंचीप्रमाणे देखण्या मांडून ठेवल्या होत्या. बडे अब्बांना भरून आलं. चला, पोराला अक्कल यायला लागली, असं म्हणत त्यांनी नेहमीप्रमाणे भिंतीशी हात घातला, हाताला आलेल्या बाटलीतून चौथी कुपी भरली आणि बूच लावलं. भिंतीशी आता वाळा नव्हता. पण ते कळायला नाक हवं होतं.

*

बैठकीत चहा झाला होता. फुफी भिंतीला टेकून मधोमध बसली होती. तिघा भावंडांत ती मोठी. नवरा गेल्यापासून दोन्ही भावांकडे पाळीपाळीने राहायची, आणि ज्याच्या घरी मुक्काम असेल त्याची बाजू घ्यायची. सध्या मुक्काम इकडे होता.

तिच्यासमोर धाकटा, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. हात मोकळे राहिले की थरथरायचे, आणि थरथरले की सगळे दुसरीकडे बघायचे, ते त्याला नको होतं. एके काळी या हातांसारखे थेंब मोजणारे हात बाजारात नव्हते. मग त्याने स्पिरिटमध्ये वास मिसळलेल्या, दाबून फवारायच्या फुसफुशा बाटल्या काढल्या, त्या धडाक्याने खपू लागल्या, बडे अब्बांनी आकाशपाताळ एक केलं, आणि त्याच सुमाराला त्याचे हात हलायला लागले. डॉक्टरांनी दुखण्याला एक नाव दिलं. बडे अब्बांनी दुसरं दिलं, भरल्या दुकानात. "खोटं मिसळणारे हात अल्लाहने हलवून सोडले," असं म्हणाले होते ते. "ही सजा आहे." डॉक्टरांचं नाव कुणाच्या लक्षात राहिलं नाही. धाकटा त्यानंतर आतल्या खोलीत फिरकला नव्हता.

आणि स्वतःचं नाक गेलं तेव्हा? तेव्हा बडे अब्बांनी फार विचार करून दुसरा शब्द निवडला. आजमाइश. परीक्षा. अल्लाहला जो प्यारा असतो त्याचीच तो घेतो. या शब्दात इज्जत होती. हजरत अय्यूब यांचं शरीर गेलं, हजरत याकूब यांची नजर गेली, मोठ्यांवरच मोठी वेळ येते. एकच गोष्ट त्यांना खटकायची. याकूब अलैहिस्सलाम यांचे डोळे गेले, पण नाक? हरवलेल्या मुलाच्या सदऱ्याचा वास त्यांना कोसांवरून आला होता! अत्तरवाल्याचेही डोळेच नेले असते तर चाललं असतं, असं बडे अब्बांच्या मनात येई, आणि मग ते घाईघाईने तौबा करत.

"बोल बाबा, दोन शब्द बोल," कुप्यांचं तबक समोर आल्यावर फुफी म्हणाली. "असा दिवस काय रोज येतो?"

बडे अब्बांना दोन शब्द कधीच पुरले नव्हते. त्यांनी घसा साफ केला. "परीक्षा आज या दोघांची आहे, पण खरं पाहता सगळं आयुष्यच परीक्षा आहे. अल्लाह देऊनही आजमावतो आणि काढून घेऊनही आजमावतो. देतो तेव्हा बघतो, माणूस शुक्र करतो का, आभार मानतो का. काढून घेतो तेव्हा बघतो, सब्र करतो का, धीर धरतो का."

"आणि सजा?" धाकट्याने विचारलं.

लवंगने बापाकडे बघितलं.

"सजा वेगळी," बडे अब्बा म्हणाले.

"ते झालंच. पण भाईजान, घेणाऱ्याला कसं कळायचं? दार तेच, मार तोच. आजमाइश कुठली आणि सजा कुठली?"

"ज्याचं त्याला आतून कळतं."

"असं होय. मला तर तुम्ही बाहेरून कळवलं होतं."

"जुने विषय काढायचा दिवस आहे का हा?" फुफी कडाडली. "तुझी मुलगी परीक्षेला बसलीय, तिच्यासाठी दुआ कर आणि गप बस."

बडी अम्मी रिकामे कप गोळा करत होती, ती नवऱ्याच्या जवळून जाताना क्षणभर थांबली, काही बोलेल असं वाटलं, पण कप घेऊन आत गेली.

*

नवाबने पहिली कुपी घेतली, बूच काढलं, हाताच्या मागच्या बाजूला थेंब टेकवला, हुंगला. "गुलाब."

"वा!" फुफी म्हणाली.

"मोगरा. केवडा." यात त्याला काही कष्ट पडले नाहीत, पोराला खरंच थोडंफार येत होतं. मग त्याने चौथी कुपी उघडली. हुंगली. पुन्हा हुंगली. दुसऱ्या हातावर थेंब घेतला, तोही हुंगला. कपाळावर आठी पडली आणि त्याने हळूच वर, बापाच्या चेहऱ्याकडे बघितलं.

बडे अब्बांचा चेहरा निर्धास्त होता. उलट त्यांनी जरा मान हलवली, म्हणजे, बोल की बाबा, काल सांगितलंय ना.

"वाळा," नवाब म्हणाला.

"माशाअल्लाह!" फुफीने हात पुढे केला. तिला कुणी विचारलं नव्हतं, पण न विचारता मत देण्याचा तिचा हक्क जुना होता. तिने कुपी नाकाशी नेली, डोळे मिटले. "अहाहा! वाळाच. काय गारवा आहे! आपल्या वडिलांच्या हाताचा वाळा अस्साच असायचा. डोक्यापर्यंत थंड वाटलं बघ."

"आता लवंग," बडे अब्बा म्हणाले. आवाजात विजय होता, पण तो त्यांनी वडीलकीखाली झाकून घेतला.

लवंगने तीन नावं पटापट सांगितली, वर केवड्याबद्दल म्हणाली, "हा जुना आहे, जरा आंबलाय." बडे अब्बांनी गंभीरपणे मान डोलावली; न डोलावून करणार काय? मग तिने चौथी कुपी घेतली. हातावर थेंब टेकवला. हुंगला. नवाबसारखी तिलाही आठी पडली. पण तिने कुणाच्या चेहऱ्याकडे बघितलं नाही.

"यात काही नाही," ती म्हणाली.

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे काहीच नाही, बडे अब्बा. साधं तेल आहे, मिसळणीचं."

बडे अब्बांच्या पायाखालची जमीन सरकली. भिंतीकडची बाटली. लखलखणारी फळी. उंचीप्रमाणे! सगळं एका क्षणात त्यांच्या डोक्यात लख्ख उलगडलं, आणि त्याबरोबर हेही, की आता धाकटा कुपी हातात घेईल. धाकट्याचे हात गेले होते, नाक नव्हे. आणि झालंही तसंच. धाकट्याने मांडीखालचा हात काढला, थरथरत्या बोटांनी लेकीच्या हातातून कुपी घेतली, हुंगली.

"तेल," तो म्हणाला. आणि मान वर करून भावाकडे बघतच राहिला.

आता सगळं संपलं असतं. पण फुफीला स्वतःची कातडी वाचवायची होती. 'डोक्यापर्यंत थंड वाटलं' हे शब्द अजून बैठकीत तरंगत होते. तिचं डोकं या वयातही विजेसारखं चालायचं.

"अगं बाई!" तिने कपाळावर हात मारला. "तुम्हाला कुणालाच कळलं नाही? ही तर याने आपली सगळ्यांची आजमाइश घेतली! मुद्दाम बिनवासाची कुपी भरली. नाकाची परीक्षा तीन कुप्यांत झाली, चौथी इमानाची होती! नसलेला वास आहे म्हणून कोण सांगतो ते बघायला. मला आधीच कळलं होतं, मी आपली मुद्दाम वाळा म्हणाले, याला साथ म्हणून."

बैठकीची हवाच बदलली. लवंगचे डोळे मोठे झाले. "खरंच, बडे अब्बा? मुद्दाम?" तिच्या आवाजात आदर होता. या मुलीच्या आवाजात आदर त्यांनी यापूर्वी कधी ऐकला नव्हता.

धाकटासुद्धा हलला. "असं असेल," तो हळूच म्हणाला, "तर भाईजान, मानलं तुम्हाला."

ज्या माणसाला महिनोन्‌महिने कसलाच वास आला नव्हता, त्याला कौतुकाचा मात्र बरोबर आला. बडे अब्बांचा हात नकळत दाढीवरून फिरला. त्यांना काही बोलायचंसुद्धा नव्हतं. नुसतं गप्प राहायचं, किंचित हसायचं, की झालं. नाक शाबूत, इज्जत दुप्पट, आणि नातवंडंसुद्धा सांगतील, की आमचे आजोबा असे होते. ते हसायला लागलेही होते.

मग त्यांची नजर नवाबवर गेली.

पोरगा पांढराफटक पडला होता. इमानाच्या परीक्षेत भरसभेत नापास झालेला तो एकटाच होता. फुफीने आपली सुटका आधीच करून घेतली होती. काल कोपऱ्यात काय झालं ते त्याने सांगितलं असतं तर एका वाक्यात सुटला असता. बडे अब्बा श्वास रोखून त्या वाक्याची वाट बघत राहिले.

"मी खोटं बोललो," नवाब म्हणाला. "वास आला नव्हता. आपलं ठोकून दिलं." आणि मान खाली घालून बसला.

बापाचं नावही त्याने घेतलं नाही. उभ्याने एकही काम न जमलेल्या त्या पोराने बसल्या जागी एवढं मोठं काम केलं. बडे अब्बांना लाज वाटली. अशी लाज त्यांना आयुष्यात कधी वाटली नव्हती, कारण आजवर ती नेहमी दुसऱ्यांना वाटायची.

"पोरगा खोटं बोलतोय," ते म्हणाले. "म्हणजे, आत्ता. काल मीच त्याला क्रम सांगितला होता. आणि चौथी कुपी मी मुद्दाम भरलेली नाही. चुकून भरली. मला वास येत नाही. हिवाळ्यापासून."

आणि मग फुफीने टाळी वाजवली.

"बघा, बघा! दुसरी आजमाइश!"

"आपा, मी खरं सांगतोय."

"हो हो, सांग. आता बघणार, आपल्यातलं कोण तुझ्या पडत्या काळात तोंड फिरवतं! मी नाही हो फसायची दुसऱ्यांदा. तुझं नाक म्हणजे सात मोहल्ल्यांत एक!"

"आपा, नाक गेलंय!"

"काय ती नम्रता!" फुफी गहिवरली.

बडे अब्बांनी मदतीसाठी भावाकडे बघितलं, पण धाकटाही सावध झाला होता. नवाबने तर नकारार्थी मान हलवली, म्हणजे, अब्बा, मला वाचवायला एवढं करू नका. वर्षानुवर्षं ते बोलतील तो शब्द या घरात खरा धरला गेला होता, आणि आयुष्यातलं एकुलतं एक अवघड सत्य बोलायची वेळ आली तेव्हा कुणी विश्वास ठेवायला तयार नव्हतं! त्यांना ओरडावंसं वाटलं.

"मग बघून टाका की," दारातून आवाज आला. बडी अम्मी उभी होती, आणि तिचा एक हात पदराखाली होता. "लवंग, त्यांचे डोळे बांध."

लवंगने आपली ओढणी काढून बांधली, घट्ट. बडे अब्बा आपल्याच बैठकीत, आपल्याच गादीवर, डोळे बांधून परीक्षेला बसले. पावलं जवळ आली. नाकाखाली काहीतरी गार, ओलसर आलं.

"हे काय आहे?" बडी अम्मीने विचारलं.

नाकाच्या आत झोंबलं. ओढणीखाली डोळे चुरचुरायला लागले, पाणी आलं. वास मात्र नाही म्हणजे नाही. पण कांदा आहे, ताजा कापलेला, हे वासावाचूनही कळत होतं. कुठल्याही शेंबड्या पोराला कळलं असतं. समोरून फुफीचा खोकला ऐकू आला, अर्थपूर्ण खोकला, अरे बोल ना बाबा, असा. एक शब्द. 'कांदा' म्हणायचं, हसायचं, ओढणी काढायची. फुफी म्हणेल, बघा मी काय म्हणत होते! किल्ली कमरेला राहील. आणि नवाब जन्मभर खोटारडा.

किती सोपी होती परीक्षा! उत्तर नाकाखाली होतं, अगदी अक्षरशः. इतक्या वर्षांत लोकांना समजावून सांगताना एकदाही त्यांच्या लक्षात आलं नव्हतं, की आजमाइश येते तेव्हा ती आजमाइशीसारखी दिसतच नाही. सुटकेसारखी दिसते.

"काही नाही," बडे अब्बा म्हणाले.

"नीट हुंग रे!" फुफीला राहवलं नाही.

"काही नाही येत, आपा. काहीच नाही."

ओढणी भिजून गालावर पाणी ओघळलं, तेव्हा फुफीला खरंच रडू फुटलं. "तौबा केली माझ्या भावाने! पश्चात्तापाचे अश्रू आहेत हे!"

"कांद्याचे आहेत, आपा," बडी अम्मी म्हणाली.

त्यांतले काही कांद्याचे नव्हते, पण ते वेगळे काढून दाखवायची सोय नव्हती. लवंगने ओढणी सोडली, अर्ध्या कांद्याकडे बघितलं, मग त्यांच्या लाल डोळ्यांकडे. "बडे अब्बा, कांदा आहे हे तुम्हाला कळलं असणार."

"कळलं. पण विचारलं होतं ते नाकाला."

आता मात्र सगळ्यांना पटलं. फुफी पदराने डोळे पुसत विचार करत होती. मुक्काम हलवायची वेळ आली होती, हे तिला सगळ्यांच्या आधी कळलं. ती सरकून धाकट्याच्या बाजूला झाली.

"आता तूच सांग," ती त्याला म्हणाली. "तुझे हात गेले तेव्हा हा भरल्या दुकानात काय काय बोलला! आता याचं नाक गेलं. खोटं मिसळत होता महिनोन्‌महिने, केवड्यात मोगरा! सांग, ही आजमाइश की सजा?"

बडे अब्बांनी मान खाली घातली. उत्तर त्यांना पाठ होतं, त्यांनीच तर तयार केलं होतं.

मांडीखालचे दोन्ही हात धाकट्याने बाहेर काढले, मांडीवर ठेवले, आणि हलू दिले. सगळ्यांसमोर.

"आजमाइश आहे," तो म्हणाला. "पण भाईजानची नाही, माझी आहे. तो 'सजा' शब्द मी किती वर्षं तोंडात धरून बसलोय, आपा. अशी वेळ यावी म्हणून दुआसुद्धा मागितली, अल्लाह माफ करो. आणि आज वेळ आली, तर बोलवत नाहीये."

"मी जे बोललो होतो दुकानात…" बडे अब्बांनी सुरुवात केली. इतका बोलका माणूस, पण पुढचं वाक्य काही सापडेना.

"राहू द्या. चहा प्या," धाकटा म्हणाला. तो काही माफी दिल्याच्या सुरात म्हणाला नाही. पण बडी अम्मीने पुन्हा आणलेल्या चहाचा कप त्यानेच पुढे केला, बशीत खडखड वाजत, अर्धा चहा सांडत, आणि या वेळी कुणी दुसरीकडे बघितलं नाही.

बडे अब्बांनी कमरेची किल्ली सोडली आणि लवंगच्या हातावर ठेवली. नवाब सुटल्यासारखा, मनापासून म्हणाला, "मी दुकान बघेन. तिथे बसायचं असतं."

लवंगने किल्ली मुठीत धरली. "पहिलं काम सांगू? उद्या सगळ्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावणार."

"खबरदार!" दोघे भाऊ एकदम ओरडले.

मग दोघांनीही चमकून एकमेकांकडे बघितलं. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं एखाद्या गोष्टीवर एकमत झालं होतं.

*

संध्याकाळी सगळे पांगले. फुफी पिशवी घेऊन धाकट्याच्या घरी गेली, जाताना म्हणाली, "चार दिवस तिकडे राहते, त्याला माझी गरज आहे." बैठकीत कांद्याचा वास राहिला असावा, कारण बडी अम्मी खिडक्या उघडत होती.

"तुला माहीत होतं," बडे अब्बा म्हणाले.

"होतं."

"कधीपासून?"

"दूध करपून घरभर धूर झाला आणि तुम्ही म्हणालात, आज काय मस्त वास सुटलाय, तेव्हापासून." ती खिडकीशीच उभी राहिली. "आणि रोज सकाळी म्हणायचात ना, आज तुझ्या पदराला गुलाब छान लागलाय? हिवाळ्यापासून मी काही लावलेलंच नाही."

बडे अब्बा खजील झाले. नाक चालू आहे हे दाखवायला रोज सकाळी ते नेमाने एवढं एक वाक्य टाकत. त्यांना ती फार मोठी हुशारी वाटत होती.

"मग बोलली का नाहीस? माझी आजमाइश बघत होतीस?"

"छे हो! मी कोण आजमावणारी?" बडी अम्मी म्हणाली. तिने त्यांच्याकडे पाठ फिरवली आणि उगाचच खिडकीचा पडदा सारखा केला. "नाक चांगलं होतं तेव्हा इतक्या वर्षांत एकदा तरी असं म्हणाला होतात का मला? एकदा तरी? रोज ठरवायची, आज सांगून टाकू, की यांची लबाडी कळलीय. आणि रोज वाटायचं, उद्या सकाळी एकदा ऐकू, मग सांगू."